घोरपडीला कुणी विचारलं?

दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाचा प्रश्न असतो. उतारा वाचायचा आणि आपल्याला काय वाटतं ते पाच-सात ओळींत लिहायचं. कल्पना चांगली आहे. पण बाजारात मिळणारी मार्गदर्शकं उघडून पाहा. त्यांत हे स्वमतसुद्धा तयार छापलेलं असतं. मुलं ते पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि गुण घेऊन येतात. दुसऱ्याने लिहून दिलेलं स्वतःचं मत! मी कवी माणूस, अशा विरोधाभासाची मला गंमत वाटायला हवी. पण वाटत नाही.

घरातही फार वेगळं घडत नाही. मुलाच्या हाती आपण पुस्तक देतो आणि ते वाचून झालं की विचारतो, "यातून काय शिकलास?" कसं वाटलं, कुठे कंटाळा आला, कोणाचा राग आला, हे क्वचितच विचारतो. ऐतिहासिक साहसकथेच्या बाबतीत तर उत्तर आधीच ठरलेलं असतं. तानाजीची गोष्ट वाचली की स्वामिनिष्ठा शिकायची, बाजीप्रभूंची वाचली की बलिदान. मुलाच्या मनात त्या गोष्टीने खरोखर काय उलथापालथ केली, ते त्याच्याजवळच राहतं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी जरीपटक्यातल्या आमच्या घरी दहा-बारा मुलांना दोन कादंबऱ्या ऐकवल्या. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, जरीपटका ही उत्तर नागपुरातली वस्ती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथे स्थिरावली. लागूनच इंदोरा, बाबासाहेबांच्या अनुयायांची जुनी वस्ती. त्यामुळे माझ्या श्रोत्यांत निम्मी मुलं सिंधी घरांतली, तीन-चार इंदोऱ्यातली, दोन-तीन शेजारची आणि एक माझा आठवीतला भाचा. मे महिन्यातलं नागपूर. ऊन उतरेपर्यंत कुणी घराबाहेर पडत नाही. तेव्हा दुपारी कूलरसमोर सतरंजी टाकून आमची बैठक भरायची. नियम एकच होता. शेवटी प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं आणि त्यात 'छान', 'मस्त' आणि 'बोध' हे तीन शब्द वापरायचे नाहीत.

पहिली कादंबरी परक्या देशाची निवडली, तीही मुद्दाम. युरोपच्या उत्तर टोकाला, म्हणजे आजच्या डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमध्ये साधारण आठव्या ते अकराव्या शतकात जे दर्यावर्दी होऊन गेले, त्यांना आपण वायकिंग म्हणतो. व्यापार करायचा, आणि जमेल तिथे लूटही करायची. त्यांच्यावर फ्रान्स बेंग्टसन या स्वीडिश लेखकाने एक कादंबरी लिहिली. तिचे दोन भाग १९४१ आणि १९४५ साली निघाले. मायकल मेयर यांचं इंग्रजी भाषांतर १९५४ साली आलं, त्याचं नाव 'द लाँग शिप्स'. मी ते इंग्रजी पुस्तक समोर ठेवून रोज एक प्रकरण मराठीत सांगायचो. जिथे माझं इंग्रजी अडखळायचं तिथे मुलांचे मोबाइल मदतीला यायचे.

मोबाइलवरून आठवलं. या पुस्तकात हॅराल्ड नावाचा डेन्मार्कचा राजा येतो. हा इतिहासातला खरा राजा, दहाव्या शतकातला, आणि त्याचं टोपणनाव निळदात्या, म्हणजे इंग्रजीत ब्लूटूथ. १९९७च्या सुमारास जिम कार्डाक नावाचा एक अभियंता हीच कादंबरी वाचत होता. वेगवेगळ्या यंत्रांना बिनतारी जोडणाऱ्या नव्या तंत्राला नाव हवं होतं. विखुरलेल्या टोळ्यांना एकत्र आणणाऱ्या या राजाचं नाव त्याने सुचवलं, आणि ते टिकलं. मोबाइलवर ब्लूटूथची जी खूण दिसते ती या राजाच्या नावातली दोन जुनी अक्षरं एकमेकांवर ठेवून केलेली आहे. हे सांगितल्यावर पुस्तकाची शिफारस करण्याची वेगळी गरज उरली नाही. कादंबरीत या राजाचा दात भयंकर ठणकत असतो. एका मुलाने चिठ्ठीत लिहिलं, "राजाचा दात दुखतो हे पहिल्यांदाच वाचलं. आपल्या राजांचं कधीच काही दुखत नाही."

कादंबरीचा नायक ऑर्म. तांबड्या केसांचा तरणाबांड गडी, पण त्याला सतत वाटत असतं की आपल्याला सर्दी झाली, आपल्याला ताप येणार. तलवारीला न भिणारा हा माणूस खोकल्याला भितो. मुलं याच्यावर बेहद्द खूश. तो आधी दुसऱ्या वायकिंगांच्या हाती सापडतो, त्यांच्यातलाच एक होतो, मग सगळेच स्पेनच्या किनाऱ्यावर मुसलमानांच्या आरमाराच्या हाती लागतात आणि वल्ही मारणारे गुलाम बनतात. पुढे सुटका होऊन ऑर्म कॉर्डोबात अल्मन्सूर या बलाढ्य वजिराच्या अंगरक्षकांत दाखल होतो. त्यासाठी इस्लाम पत्करतो. तिथून पळ काढून मायदेशी परततो, हॅराल्ड राजाच्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि तिच्यासाठी ख्रिस्ती होतो. प्रत्येक धर्माशी त्याचा व्यवहार शेजाऱ्याशी असावा तसा. नमस्कार-चमत्कार करायचे आणि आपलं काम बघायचं. कडव्या माणसाला हे रुचणार नाही. माझा भाचा मात्र पोट धरून हसला. "मामू, याला वुझूपण येत नसेल!" म्हणाला.

अल्मन्सूर काल्पनिक नाही. ९९७ साली त्याने सँटिआगो हे ख्रिश्चनांचं तीर्थक्षेत्र लुटलं आणि तिथल्या घंटा कॉर्डोबाला नेल्या. बेंग्टसनने त्यातली एक घंटा ऑर्मच्या जहाजावर चढवली आहे. इतिहासाचा एक खिळा ठोकायचा आणि त्यावर कल्पनेचा अंगरखा टांगायचा, हेच ऐतिहासिक कादंबरीचं काम. मुलांना हा खिळा शोधण्याचं वेडच लागलं. प्रत्येक प्रकरणानंतर प्रश्न ठरलेला, "काका, यातलं खरं किती?"

मग शिंगांचा विषय निघाला. चित्रांत, कार्टूनमध्ये वायकिंग म्हटला की त्याच्या शिरस्त्राणाला बैलाची दोन शिंगं हवीतच. कादंबरीत ती का नाहीत, असं एकाने विचारलं. कारण ती नव्हतीच. १९४३ साली नॉर्वेमध्ये वायकिंग काळातलं लोखंडी शिरस्त्राण सापडलं, त्याला शिंगं नाहीत. नीट विचार केला तर ते उघड आहे. लढाईत डोक्यावर शिंगं घालणं म्हणजे शत्रूच्या तलवारीला धरायला मूठ देणं. शिंगांची प्रतिमा लोकांच्या मनात पक्की बसवली ती एकोणिसाव्या शतकाने. १८७६ साली जर्मनीत वागनर या संगीतकाराची मोठी संगीत नाटकं रंगमंचावर आली, तेव्हा वेशभूषाकार डॉपलरने पात्रांना शिंगांची शिरस्त्राणं दिली, आणि पुढे तीच वायकिंगांची ओळख झाली. नाटकाच्या कपाटातून निघालेली वस्तू इतिहासात जाऊन बसली.

दुसरा खिळा बगदादचा. ९२१ साली अब्बासी खलिफाने व्होल्गा नदीकाठच्या राज्याकडे एक वकिलात पाठवली. तिच्यात इब्न फदलान नावाचा माणूस होता. व्होल्गाकाठी त्याला व्यापाराला आलेले 'रूस' लोक भेटले. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे वायकिंगांचेच भाऊबंद. त्यांची उंची आणि बांधा पाहून तो थक्क झाला. पण त्यांचं सकाळचं तोंड धुणं पाहून त्याला किळस आली. एकच घमेलं सगळ्यांत फिरायचं. एकाने हात-तोंड धुऊन, नाक शिंकरून झालं की तेच पाणी दुसऱ्याकडे. आमच्या बैठकीत या प्रसंगाला सर्वाधिक मतं पडली, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. साहित्याच्या अभ्यासकांनी काही म्हणो, बारा वर्षांच्या वाचकाला घमेलं तलवारीपेक्षा जास्त लक्षात राहतं.

आणि तिसरी वस्तू बुद्धाची. स्वीडनमध्ये हेल्गो नावाचं एक बेट आहे. तिथे व्यापाऱ्यांची जुनी वस्ती होती आणि ती वायकिंग काळातही नांदत होती. तिथल्या उत्खननात १९५६ साली जेमतेम आठ सेंटिमीटर उंचीची ब्राँझची बुद्धमूर्ती सापडली. पाचव्या-सहाव्या शतकातली, भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात घडवलेली. हातोहात, बाजारामागून बाजार करत ती तिकडे पोचली असणार. हे मी सांगितलं तेव्हा इंदोऱ्याची एक मुलगी एकदम उठून उभीच राहिली. "काका, छप्पन्न साली? दीक्षाभूमीच्याच साली?" होय, त्याच साली. १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख आमच्याकडे मुलांना वाढदिवसासारखी पाठ असते. हा निव्वळ योगायोग, त्याला काही अर्थ नाही, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "अर्थ नसू द्या ना. मला आवडला." तिच्या चिठ्ठीत तेवढंच होतं: "वायकिंगच्या घरात बुद्ध होता, म्हणून मी हे पुस्तक वाचणार."

आता ज्या मताने मला थांबवलं त्याकडे येतो. स्पेनमधली एक गढी ऑर्म आणि त्याचे साथीदार लुटतात, असा प्रसंग आहे. सॉलोमन नावाचा यहुदी त्यांना वाट दाखवतो. त्या गढीच्या मालकाने त्याचा छळ केलेला असतो. प्रसंग रंगतदार लिहिलेला, मीही रंगात येऊन सांगत होतो. मुलं हसत होती. एक सिंधी मुलगा हसत नव्हता. त्याने विचारलं, "अंकल, ज्यांना लुटलं ते लोक नंतर कुठे गेले?"

पुस्तकात त्याचं उत्तर नाही. साहसकथा लुटणाऱ्याच्या जहाजाबरोबर पुढे जाते. मागे राहिलेल्या गावात ती थांबत नाही. हा तिचा घडणीचाच नियम आहे. त्या मुलाचे पणजोबा कराचीहून बोटीने मुंबईला आले होते. तेव्हा ऑर्मच्या जहाजाकडे तो वेगळ्या काठावरून बघत होता. इंग्लंडच्या उत्तरेला लिंडिसफार्नच्या मठावर ७९३ साली वायकिंगांनी पहिला गाजलेला हल्ला केला, त्याची हकिकत आपल्याला कळते ती लुटल्या गेलेल्यांच्या बाजूने. लिहायला-वाचायला येत होतं ते त्या साधूंना. ही माहिती मी त्याला दिली. तो म्हणाला, "मग त्यांची पण कादंबरी पाहिजे."

बेंग्टसनची बाजू घ्यायची तर एवढं सांगायला हवं. तो लिहीत होता त्याच वर्षांत नाझींनी वायकिंगांना आपल्या कामाला जुंपलं होतं. त्यांच्या एका लष्करी डिव्हिजनचं नावच 'वायकिंग' होतं. गोरे, शुद्ध रक्ताचे, निर्दय वीर अशी ती प्रतिमा. त्याच काळात हा स्वीडिश माणूस लोभी, बडबडे, विनोदी, आजारपणाला घाबरणारे वायकिंग लिहितो आणि त्यांच्या जहाजावर एका यहुद्याला मित्र म्हणून बसवतो. वीरांची थट्टा करण्याचंही कधीकधी धाडस लागतं.

पंधरा दिवसांत ही कादंबरी संपली. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. मुलं इतकी मोकळेपणाने बोलली, कारण इथे बरोबर उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑर्मबद्दल काय वाटायला हवं हे कोणत्याही गुरुजींनी सांगितलेलं नव्हतं. जिभा सैल झाल्या होत्या. त्याच आठवड्यात मी दुसरं पुस्तक काढलं.

ते होतं हरिभाऊ आपट्यांचं 'गड आला पण सिंह गेला'. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीची ही कादंबरी. विषय सर्वांना माहीत असलेला. १६६५च्या पुरंदरच्या तहात शिवरायांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात कोंढाणा होता. आग्र्याहून सुटून आल्यानंतर ते परत घेण्याचं सत्र सुरू झालं आणि ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाण्याचा कडा चढून गड घेतला, स्वतः पडले. या घटनेवर शाहीर तुळशीदासाचा पोवाडा आहे, १९३३ साली व्ही. शांताराम यांनी 'सिंहगड' हा बोलपट काढला, आणि आमच्या मुलांना तानाजी भेटला तो २०२०च्या हिंदी चित्रपटात, अजय देवगणच्या चेहऱ्याने.

पहिले दोन दिवस हाल झाले. हरिभाऊंची वाक्यं लांबलचक, संस्कृत शब्दांनी जड. "काहून एवढं वर्णन करते हा माणूस?" असा शेरा शेजारच्या मुलाकडून आला. मी वाचता वाचता गाळू लागलो. आपल्या अभिजात पुस्तकांना मुलांसाठी कात्री लावण्याबद्दल अनेकांचा आक्षेप असतो. माझा नाही. न वाचलेलं पूर्ण पुस्तक आणि वाचलेलं अर्धं पुस्तक यांत मी अर्ध्याच्या बाजूने आहे.

कडा चढायची वेळ आली आणि घोरपड आली. यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून कड्यावर चढवलं, तिने नख्या रोवल्या आणि त्या दोरावरून मावळे चढले, ही कथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. एरवी मुलं ती ऐकतात आणि पुढे जातात. पण शिंगांचा धडा ताजा होता. सहावीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "काका, ही आपली शिंगं तर नाहीत?"

मग काय, वादाला तोंड फुटलं. माणूस साठ किलोचा, घोरपड पाच-सात किलोची, ती कशी पेलेल? गोरेवाड्याच्या जंगलात घोरपड पाहिलेला एक जण म्हणाला, ती भेगेत शिरली की अंग फुगवते, चार जणांना निघत नाही. दुसरा म्हणाला, तिने फक्त बारीक दोरी वर नेली असेल. मी सभासदाची बखर काढली. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत ती लिहिली, म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांनी. तीत घोरपड नाही. निवडक मावळे वानरांसारखे कडा चढून गेले आणि त्यांनी वरून माळ, म्हणजे दोराची शिडी सोडली, असं आहे. घोरपड पोवाड्यातून आली. तेव्हा शेजारच्याच मुलाने निकाल दिला: "घोरपड खोटी निघाली तर मावळे जास्त भारी. दोराशिवाय चढले ना!" इतिहासाची चिकित्सा केली की मुलांच्या मनातली श्रद्धा ढासळते, अशी भीती असणाऱ्या मंडळींनी हे मत लिहून ठेवावं.

नावाचंही तेच. तानाजी सिंहासारखा पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असं आपण म्हणतो. कादंबरीचं शीर्षकही त्या आख्यायिकेवर उभं आहे. पण सिंहगड हे नाव १६६३ सालच्या पत्रातही येतं, तानाजींच्या सात वर्षं आधी. हे मात्र मुलांना आवडलं नाही. शीर्षक फुकट गेल्यासारखं वाटलं. एक जण तर रागावला. मी त्याची समजूत काढली नाही. त्याला राग येणं हेही एक मतच.

यावरून निशाणांचा विषय निघाला आणि एका सिंधी मुलीने विचारलं, "अंकल, आपल्या जरीपटक्याचा अर्थ काय?" जन्मापासून ज्या नावाच्या वस्तीत राहते त्या नावाचा अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता. जरीपटका म्हणजे जरीचं मानाचं निशाण. मराठ्यांच्या फौजेत, विशेषतः पेशवाईत, ते ज्या सरदाराकडे सोपवलं जाई त्याचा मान मोठा आणि जोखीमही मोठी. "म्हणजे आम्ही झेंड्यात राहतो?" ती म्हणाली. बसच्या पाटीवरचा शब्द तिच्यासाठी एकदम फडकू लागला असावा. तिचं मराठी शाळेतल्या विषयापुरतं. २०२०च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत सक्तीचं केलं ते ठीक. पण त्या दुपारी तिच्या मराठीने जी उडी मारली ती सक्तीची नव्हती.

कादंबरीत तानाजीखेरीज आणखी एक कथा आहे. कमलकुमारी ही रजपूत तरुण विधवा सती जायला निघालेली असते. उदेभान तिला पळवतो आणि पुढे कोंढाण्यावर किल्लेदार म्हणून येतो तेव्हा बरोबर आणतो. तिला त्याच्या तावडीतून सोडवायचं, हा कादंबरीतला दुसरा ताण. हे पात्र इतिहासातलं नाही, हरिभाऊंनी घडवलेलं आहे. मुलग्यांना तिच्यात रस नव्हता. ते कड्याची वाट पाहत होते. मुलींनी मात्र तिला सोडलं नाही. उदेभानाच्या तावडीतून सुटायचं ते चितेवर जाण्यासाठीच? मग ही सुटका कसली? त्या हेल्गोच्या बुद्धावर खूश झालेल्या मुलीने लिहिलं, "उदेभान तिला विचारत नाही. बाकीचे पण विचारत नाहीत. लेखक पण विचारत नाही."

हे वाचून मी जरा वेळ गप्प बसलो, कारण ज्या लेखकावर हा आरोप आहे तो साधासुधा नाही. याच हरिभाऊंनी १८९० साली सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिली. यमू नावाच्या मुलीने स्वतः सांगितलेली तिची कहाणी. तिचं वैधव्य, तिचं बळजबरीने केलेलं केशवपन. विधवेला काय वाटतं हे मराठी कादंबरीत इतक्या जवळून तोवर कुणी लिहिलं नव्हतं. मग तोच लेखक ऐतिहासिक साहसकथेकडे वळल्यावर विधवेला चितेचीच ओढ का देतो? सती प्रथा कायद्याने बंद झाली ती १८२९ साली. कथा १६७०ची, त्या काळाचे संस्कार दाखवायचे होते, असं उत्तर देता येईल. माझ्या मते तेवढं पुरत नाही. साहसकथेत स्त्री ही बहुधा जिंकून आणायची किंवा वाचवायची वस्तू असते, आणि हा साचा हरिभाऊंसारख्या माणसालाही मोडता आला नाही. ऑर्मच्या कथेतल्या राजकन्येला निदान तिखट जीभ आहे.

याच मुलीने पुढे आणखी एक ओळ लिहिली होती. प्रचलित कथेत यशवंती अर्ध्यातून परत फिरते आणि तानाजी तिला मारण्याचा धाक घालतो, तेव्हा ती पुन्हा चढते. त्यावर हिचं मत: "घोरपडीला पण कुणी विचारलं नाही." यावर हसावं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

राहिला माझा भाचा. ऑर्मच्या वेळी सर्वांत जास्त हसणारा हा मुलगा या कादंबरीत हळूहळू मागे सरकत गेला. चौथ्या दिवशी सगळे गेल्यावर म्हणाला, "मामू, यात आपलं कुणी चांगलं नाही का?"

मी स्वतः या वयाचा असताना शाळेच्या वाचनालयातल्या ऐतिहासिक कादंबऱ्या अशाच अधाशासारख्या वाचल्या. मावळ्यांबरोबर कडे चढलो, आणि कड्याच्या वर पोचल्यावर दर वेळी समोर माझ्याच नावाचा पहारेकरी उभा. मी त्याला कापून पुढे जात असे. गोष्ट पुढे जायला हवी होती ना. कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. मराठीवरचं माझं प्रेम त्याने आटलं नाही. पण असं प्रत्येकाचं होतंच असं नाही. काही मुलं पुस्तक मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत.

भाच्याला मी उपदेश केला नाही, नावं सांगितली. मुळात कोंढाण्याचा इतिहासातला किल्लेदार उदेभान हा राठोड रजपूत. प्रतापगडच्या भेटीला शिवरायांबरोबर जे मोजके अंगरक्षक होते त्यांत सिद्दी इब्राहिम होता, आणि समोर अफजलखानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर. महाराजांचा फारसी पत्रव्यवहार काही काळ काझी हैदर पाहत असे. आरमारात दौलतखान हा मोठा अधिकारी. त्या काळची निष्ठा ही नोकरी, वतन, शब्द आणि माणूस यांच्याभोवती फिरत असे. आजच्या रकान्यांत ती बसत नाही. भाच्याने नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "मग दौलतखानावर गोष्ट का नाही?"

आमच्या कपाटात तरी नव्हती. मुलांनी हात वर करून ठराव केला की पुढची गोष्ट दौलतखानाची, आणि ती मी सांगायची. माझ्यासारख्या चार ओळींच्या कवितेत दमणाऱ्या माणसाला हे काम जड. पण सामग्री चोख आहे. १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर शिवरायांनी किल्ला बांधायला घेतला. ऐन पावसाळ्यात मायनाक भंडारी माणसं आणि तोफा घेऊन बेटावर उतरले. इंग्रज खवळले, जंजिऱ्याचा सिद्दी त्यांना येऊन मिळाला. दौलतखान आपल्या लहान गलबतांचा काफिला घेऊन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून रसद पोचवत राहिला. इंग्रजांच्या जड जहाजांना तिथवर येता येईना. एका चकमकीत त्यांचं 'डव्ह' नावाचं जहाज मराठ्यांनी पकडलंदेखील. यात समुद्र आहे, रात्र आहे, वारा आहे, आणि दोन्ही बाजूंना सर्व नावांची माणसं आहेत. वायकिंगांचं नॉर्वेमध्ये सापडलेलं गोकस्टाड जहाज तेवीस मीटर लांब आणि बत्तीस वल्ह्यांचं. त्याच्या शेजारी गलबताचं चित्र काढून मुलांनी भिंतीवर लावलं आहे.

आता दर रविवारी एक प्रकरण होतं. पहिल्याच रविवारी मायनाक भंडारी बेटावर उतरले, तटाच्या पायाचे दगड बसू लागले आणि मी इंग्रजांचं जहाज क्षितिजावर आणणार, इतक्यात ज्याचे पणजोबा कराचीहून आले त्या मुलाने हात वर केला. चारही बाजूंना खारं पाणी, मग ती माणसं प्यायचं पाणी आणायची कुठून? जहाज तसंच क्षितिजावर ठेवून आम्ही आधी पाण्याचं बोलत बसलो.